गोबर गॅसवर डिझेल इंजिन: आधी गॅस मोजा, मग पाइप जोडा

डिझेल इंजिनाला गोबर गॅस जोडणं हे एका दुपारचं काम आहे. हवेच्या नळीत एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवायचा, गॅसची नळी आणून जोडायची, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. इंजिन चालू लागतं आणि बघायला जमलेले चार जण माना डोलावतात. परीक्षा होते सहा-आठ महिन्यांनी. तोवर पिस्टन पिनचा बुश खाल्लेला असतो, तेल काळंठिक्कर पडलेलं असतं आणि मालक गावभर सांगत सुटतो की गॅसनं इंजिनाची वाट लावली. त्याच्या गॅसमधला गंधक कुणी काढलेला नसतो, नळीतलं पाणी कुणी सोडलेलं नसतं आणि मुळात गॅस किती आहे हेही कुणी मोजलेलं नसतं. म्हणून इथे जोडणीला जागा कमी दिली आहे, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना जास्त.

एक गोष्ट आधीच सांगतो. मोटारीला वीज मिळते आहे किंवा सौरपंप बसला आहे, तर या खटाटोपात पडू नका. ज्याच्या गोठ्यात दहा-पंधरा जनावरं आहेत, ज्याचं डिझेल इंजिन रोज दोन-तीन तास ठरलेल्या कामावर चालतं (पाणी उपसा, कडबाकुट्टी, दूध काढण्याचं यंत्र किंवा छोटा जनरेटर) आणि ज्याला रोज पाच मिनिटं वहीत आकडे लिहायचा कंटाळा नाही, त्याच्यासाठी हे आहे.

कुठला गॅस, कुठलं इंजिन

जैव पदार्थांपासून इंजिनाला चालेल असा गॅस दोन वाटांनी मिळतो. शेण, मैला, खरकटं हवाबंद टाकीत कुजवलं की गोबर गॅस होतो. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा गॅस काढला होता, म्हणजे मुंबईला ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. दुसरी वाट लाकडाची. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या ढलप्या बंद भट्टीत अपुऱ्या हवेत जाळल्या की प्रोड्युसर गॅस निघतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडे बसच्या मागे कोळशाची भट्टी बांधून गाड्या चालवल्या, तो हाच गॅस. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ पासून लाकडाचा गॅस आणि डिझेल मिळून गावाला दिवे-पाणी पुरवलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उसाच्या पाचटापासून गॅस काढणारी भट्टी तयार केली.

तरीही लाकडाचा गॅस घरच्या घरी करायला मी कुणाला सांगत नाही. त्यात जवळजवळ निम्मा नायट्रोजन असतो आणि उष्णता गोबर गॅसच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढीच. त्यामुळे इंजिनाची ताकद वीस-तीस टक्क्यांनी उतरते. डांबर निघतं, ते नीट धुतलं-गाळलं नाही तर व्हॉल्व्ह चिकटतात. लाकूड वाळवून ओल २० टक्क्यांच्या खाली आणावी लागते. सैल पाचट तसंच लाकडाच्या भट्टीत घातलं तर ते खाली सरकत नाही आणि राखेचे खडे धरतात. सर्वांत वाईट म्हणजे त्यात १५-२० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो माणूस मारतो. ही भट्टी घ्यायचीच असेल तर नावाजलेल्या कारखान्याची, उघड्या शेडमध्ये आणि शिकवलेल्या माणसाच्या हाती. पुढचं सगळं गोबर गॅसबद्दल आहे.

इंजिन जुन्या धाटणीचं हवं: एका सिलिंडरचं, १५०० फेऱ्यांचं किंवा त्याहून संथ, यांत्रिक गव्हर्नरचं (गव्हर्नर म्हणजे डिझेल कमी-जास्त करून फेऱ्या स्थिर ठेवणारा भाग). आपल्याकडच्या विहिरींवर असलेलं किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं एव्ही-१ किंवा लिस्टर पद्धतीचं संथ इंजिन या कामाला सोन्यासारखं. कॉमन रेल, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनाला हात लावू नका. ट्रॅक्टरचाही मोह नको, कारण गोबर गॅस न दाबता सोबत नेता येत नाही आणि तो दाबायची यंत्रणा ट्रॅक्टरच्या डिझेलपेक्षा महाग पडते. इंजिन वॉरंटीत असेल तर ती गेली असं समजूनच पुढे जा.

हिशेब

ताज्या एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे एक घनमीटर गॅसला २५ किलो शेण. गोठ्यात बांधलेल्या जनावराचं हाती येणारं शेण दिवसाला १० ते १५ किलो धरा. चरायला जाणाऱ्या जनावराचं निम्मं रानात राहतं.

खर्चाची बाजू अशी. डिझेलसोबत चालवताना एका अश्वशक्तीला तासाला सुमारे ०.४२ घनमीटर गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला २.१ घनमीटर खातं. तीन तासांना ६.३ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १६० किलो शेण, म्हणजेच दहा ते सोळा जनावरं. दारातला दोन घनमीटरचा घरगुती प्लांट या इंजिनाला एक तासही पुरत नाही, आणि त्या दिवशी घरात चूलही पेटत नाही. बहुतेक फसलेल्या जोडण्या इथेच फसलेल्या असतात.

स्वयंपाकाचा वाटा आधी बाजूला काढा. माणशी रोज पाव घनमीटर धरला तर सहा माणसांच्या घराला दीड घनमीटर लागतो. चुलीला फिल्टर लागत नाही, तेल बदलावं लागत नाही, मिस्त्री लागत नाही. गॅसचा पहिला मान तिचाच. उरलेला इंजिनाला.

आता बचत. हेच इंजिन नुसत्या डिझेलवर पूर्ण भाराला तासाला साधारण १.१ लिटर पितं. गॅस नीट जुळला की ते पाव लिटरवर येतं. तासाला पाऊण ते ०.८५ लिटर वाचतं. रोज तीन तास धरले तर सव्वादोन ते अडीच लिटर. डिझेल लिटरला ९० रुपये धरून दिवसाचे दोनशे-सव्वादोनशे रुपये होतात. या आकड्यातून तेल, फिल्टर आणि तुमचा वेळ वजा करा आणि मग ठरवा.

हिवाळ्यात गॅस उतरतो हेही मांडा. कुजवणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. वीसच्या खाली ते मंदावतात. इंजिन पाण्यानं थंड होणारं असेल तर त्यातून बाहेर पडणारं कोमट पाणी शेण कालवायला वापरा. फुकटची ऊब टाकीत जाते.

डिझेल पूर्ण का बंद होत नाही

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दट्ट्या (पिस्टन) हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास पेटतं, मिथेनला मात्र साडेपाचशेच्या जवळपास जावं लागतं. त्यामुळे गॅस-हवेचं मिश्रण दाबलं तरी ते भरवशानं पेटत नाही. थोडं डिझेल फवारलं की ते काडीपेटीचं काम करतं आणि त्याच्या ज्वाळेनं गॅस जळतो. ही काडी म्हणजे मूळ डिझेलच्या १५ ते २० टक्के.

ते आणखी कमी करायचा हट्ट धरणारे भेटतात. धरू नका. फ्युएल पंपाला वंगण डिझेलचंच असतं आणि नोझलचं टोक थंड ठेवायलाही तेच लागतं. धार फार बारीक झाली की नोझलवर काजळी धरते. पुढे डिझेलवर चालवतानाही धूर येतो.

गॅस स्वच्छ करणं

टाकीतून निघणारा गॅस पाण्याच्या वाफेनं भरलेला असतो. नळीत तो थंड झाला की पाणी सुटतं आणि खोलगट जागी साचतं. इंजिन मग गचके खाऊ लागतं. नळीला शंभर फुटांना एक फूट उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी टी बसवून त्याला बुडाशी कॉक असलेला उभा तुकडा लावा. हा पाणीसापळा. रोज इंजिन चालू करण्याआधी तो सोडायचा. नळीला मध्ये कुठे झोळ पडू देऊ नका. जमिनीत पुरलेली नळी दोन पावसाळ्यांत खचते, तेव्हा उतार पुन्हा तपासा.

दुसरा शत्रू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. शेणाच्या गॅसमध्ये तो काहीशे ते हजार-दोन हजार पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतो. टक्क्यांत पाहिलं तर नगण्य, पण सिलिंडरमध्ये जळून त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं, ते तेलात उतरतं आणि तांबं-पितळेचे बुश खातं. माझा पहिला बुश असाच गेला. मिस्त्रीनं तो हातात घेऊन विचारलं, "यात ॲसिड ओतता का?" एका अर्थी ओतलंच होतं.

यावर स्वस्त उपाय गंजकं लोखंड. लेथच्या दुकानातून पोलादाचा कीस आणा. त्याला लागलेलं तेल धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काढा. हे टाळलंत तर गंज धरतच नाही. मग तो पाणी शिंपडत आठवडाभर उघड्यावर पसरून ठेवा, लालभडक गंजेपर्यंत. सहा इंची पीव्हीसी नळीचे मीटर-मीटर उंचीचे दोन तुकडे घ्या, दोन्ही टोकांना उघडता येतील अशी झाकणं लावा, आत बुडाशी जाळी ठेवून कीस सैलसर भरा. दाबून ठासलात तर गॅस अडेल. गॅस खालून आत, वरून बाहेर आणि मग दुसऱ्या नळीत. एका नळीत सुमारे १८ लिटर जागा होते. आपल्या इंजिनाला मिनिटाला ३५ लिटर गॅस लागतो, म्हणजे दोन्ही मिळून गॅस लोखंडापाशी जेमतेम मिनिटभर थांबतो. एवढा वेळ हवाच, म्हणून एकाच नळीवर भागवू नका.

कीस काम करतो आहे की नाही हे नाकानं ठरवू नका. हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे लेड ॲसिटेटची कागदी पट्टी मिळते. ती ओली करून फिल्टरनंतरच्या गॅससमोर धरा. काळी-तपकिरी पडली तर कीस दमला.

जोडणी

टाकीपासून इंजिनापर्यंत एक इंची एचडीपीई नळी ५० मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे सव्वा-दीड इंची घ्या. तांब्या-पितळेच्या फिटिंग टाळा. क्रम असा राहील: टाकी, मुख्य कॉक, पाणीसापळा, दोन गंधक-फिल्टर, ज्वाळारोधक, बॉल व्हॉल्व्ह, गेट व्हॉल्व्ह, इंजिन. ज्वाळारोधक म्हणजे इंजिनाकडची ज्वाळा उलटी टाकीकडे जाऊ न देणारा दोन इंची नळीचा वीतभर तुकडा, आत स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीच्या गुंडाळ्या घट्ट बसवलेला. दोन व्हॉल्व्ह कशाला असं सगळे विचारतात. गेट व्हॉल्व्ह बारकाईनं सोडायला, बॉल व्हॉल्व्ह एका फटक्यात बंद करायला. चालवणाऱ्याचा हात बॉल व्हॉल्व्हपर्यंत उभ्या जागी पोचला पाहिजे.

टी हवेच्या फिल्टरच्या पुढे आणि इंजिनाच्या तोंडापासून फूटभर अलीकडे बसवा, म्हणजे मिसळायला अंतर मिळतं. गॅसची पाऊण इंची नळी आत मध्यापर्यंत घुसवून तिचं टोक ४५ अंशांत कापा आणि कापलेली बाजू इंजिनाकडे ठेवा. हवेच्या वाटेत झडप बसवू नका; डिझेल इंजिनाला हवा भरपूर लागते. एका घनमीटर गोबर गॅसला पावणेसहा घनमीटर हवा हवी आणि पाच अश्वशक्तीचं हे इंजिन तासाला वीसेक घनमीटर ओढतं, म्हणजे दोन घनमीटर गॅस त्यात सहज मावतो. ताकद उतरत नाही ती यामुळेच.

तरंगत्या ड्रमच्या प्लांटचा दाब ८-१० सेंटीमीटर पाण्याएवढा आणि जवळजवळ स्थिर असतो. इंजिनासाठी तो उत्तम. दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटाच्या प्लांटमध्ये दाब भरलेला असताना चढा आणि संपत आला की पडेल, त्यामुळे व्हॉल्व्ह सारखा जुळवावा लागतो. तिथे मध्ये गॅसचा फुगा ठेवला तर सुख.

साबणाच्या फेसानं प्रत्येक सांधा तपासा. काडी पेटवून गळती शोधणारा शहाणा दर गावात एक असतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झालं की स्फोट होतो. इंजिनाच्या खोलीला वरच्या अंगाला झरोका हवा, कारण मिथेन हलका असतो आणि छताशी साचतो. टाकी रिकामी करून आत उतरायची वेळ आली तर एकट्यानं उतरू नका, आणि हवा खेळवल्याशिवाय तर कुणीच नको.

पहिल्यांदा चालवताना

नुसत्या डिझेलवर हँडल मारा. पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या. भार घाला, पंपाला पाणी लागू द्या. मग गेट व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा उघडत जा आणि दर वेळी अर्धा मिनिट थांबा. गॅस आत गेला की फेऱ्या किंचित वाढतात, गव्हर्नर स्वतःहून रॅक (फ्युएल पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) मागे घेतो आणि डिझेल कमी करतो. तुम्हाला डिझेलला हात लावायचा नाही. आवाज थोडा मऊ होतो, धूर विरळ होतो. एक क्षण असा येतो की ठोका चुकतो, इंजिन मागे-पुढे झुलू लागतं किंवा खणखण आवाज येतो. तिथून पाव-अर्धा फेरा मागे या आणि व्हॉल्व्हवर रंगानं खूण करा.

सर्वांत मोठा धोका इथेच आहे. गव्हर्नर फक्त डिझेल कापू शकतो, गॅस नाही. पंपाचं पाणी तुटलं, पट्टा निसटला किंवा जनरेटरवरचा भार एकदम गेला तर गव्हर्नर डिझेल अगदी तळाला नेतो. तरीही भरपूर गॅस आत येतच असतो आणि इंजिन उधळतं. अशा वेळी पहिला हात बॉल व्हॉल्व्हवर. गॅस चालू असताना इंजिनापासून लांब जाऊ नका आणि रिकाम्या इंजिनाला गॅस कधीच देऊ नका. निम्म्याहून कमी भार असेल तेव्हाही नुसतं डिझेलच बरं. पातळ मिश्रणातला बराचसा मिथेन न जळताच सायलेन्सरमधून जातो.

बंद करताना क्रम उलटा: आधी गॅस, मग भार, पाच मिनिटं डिझेलवर, मग इंजिन. यानं सिलिंडर आणि सायलेन्सरमधला गंधकाचा धूर धुऊन निघतो.

मोजून पाहा

अंदाजानं "निम्मं वाचतं" म्हणण्यात अर्थ नाही. डिझेलच्या नळीत टीनं एक खुणा असलेली पारदर्शक नळी जोडा. डिझेलच्या टाकीचा कॉक बंद करून इंजिन त्या नळीवर चालवा आणि १०० मिलिलिटर संपायला लागलेला वेळ मोबाइलवर पाहा. पाच अश्वशक्तीला पूर्ण भारावर नुसत्या डिझेलवर साडेपाच मिनिटं लागतील. गॅसवर २०-२४ मिनिटं लागली तर जुळणी उत्तम. बारा मिनिटांतच संपलं तर गॅस कमी पडतो आहे.

गॅस मोजायला मीटर नको. ड्रमवर पट्टी रंगवा. दोन मीटर व्यासाचा ड्रम १० सेंटीमीटर खाली गेला की ०.३१ घनमीटर गॅस गेला. पूर्ण भारावर तो तासात ६५-७० सेंटीमीटर उतरायला हवा. इंजिन बंद असतानाही ड्रम खाली जात असेल तर नळी गळते आहे, किंवा स्वयंपाकघरात कुणी शेगडीचा कॉक सैल सोडला आहे.

नंतरची कामं

इंजिनाच्या पुस्तकात तेल बदलायचे जितके तास दिले असतील त्याच्या निम्म्यावर बदला, निदान पहिलं वर्ष. व्हॉल्व्हची फट आणि नोझलची फवारणी दर तीन महिन्यांनी तपासा. गॅस सावकाश जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. इंजेक्शनचं टायमिंग थोडं पुढे घेतल्यानं फायदा होतो खरा, पण ते शिम (फ्युएल पंपाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) काढणं-घालणं जाणणाऱ्या मिस्त्रीनंच करावं, आणि वर्षभर नुसतं डिझेलही वापरणार असाल तर मूळ टायमिंगच राहू द्या.

दमलेला कीस फेकायचा नाही. उघड्या हवेत पसरला की लोखंड पुन्हा गंजतं, गंधक सुटून पिवळट थर दिसतो आणि तोच कीस आणखी काही वेळा चालतो. काढताना मात्र जपून. हवा लागताच तो तापतो आणि ढिगात असेल तर पेटही घेतो. आधी पाणी मारा, मग काँक्रीटवर बोटभर जाडीचा थर पसरा, कडब्याच्या गंजीपासून दूर. दोन-तीन दिवस पाणी शिंपडत वरखाली करा आणि पूर्ण थंड झाल्यावरच पुन्हा नळीत भरा.